नख पातळ का होते?

मंचर हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे मोठे बाजाराचे गाव. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला, पण बाजार मंचरला. सातगाव पठारावरचा बटाटा इथे येतो. कांदा येतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या येतात. बाजारात गेले की आपण माल बघतो. बटाटा चिरका आहे का, कांदा ओला आहे का, हे आपल्याला एका नजरेत कळते.

आज आपण माल बघायचा नाही. माल हाताळणारे हात बघायचे.

बटाटा वेचणाऱ्या बाईची बोटे बघा. जुड्या बांधणारीची बघा. हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्याची बघा. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याची बघा. पुष्कळांच्या नखांचे शेंडे फाटलेले दिसतील. कोणाच्या नखाचे पापुद्रे सुटलेले असतील. कोणाचे नख इतके पातळ की दाबले तर कागदासारखे वाकते.

अशाच एका बाईंना आम्ही विचारले, "मावशी, नखं अशी कशानं झाली?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "हातानं कामं करायची का नखं सांभाळायची? तुटलं तर तुटलं. पुन्हा येतंय."

मावशींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. नख पुन्हा येते. पण फाटके नख पोत्याच्या सुतळीत अडकते आणि जिवणीपर्यंत उलते. त्यात माती जाते. बोट सुजते, ठणकते, पू धरते. त्याला आपण नखुरडे म्हणतो. नखुरडे झाले की रात्रभर झोप नाही आणि चार दिवस हाताला काम नाही. चार दिवसांची मजुरी बुडाली, म्हणजे नखाएवढ्या दुखण्याने घराचा बाजार बुडाला.

शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. ती आणखी मोठी आहे. नख कधी कधी अंगातल्या दुखण्याची वर्दी देते. ती वर्दी वाचता आली पाहिजे. आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता थोडे नख वाचायला शिकू.

नख म्हणजे काय?

गाईचे शिंग, घोड्याचा खूर, आपला केस आणि आपले नख ही एकाच जातीची. ज्या पदार्थाची ती बनतात त्याला केराटिन म्हणतात. जे नख आपल्याला दिसते ते जिवंत नसते. म्हणून तर कापताना दुखत नाही.

मग जिवंत भाग कोणता? तो नखाच्या बुडाशी, कातडीच्या आत दडलेला असतो. झाडाचे मूळ जसे मातीत, तसे नखाचे मूळ कातडीत. तिथे नवे नख तयार होते आणि जुन्याला पुढे ढकलते. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी पांढरी चंद्रकोर दिसते ना? ती त्या जिवंत भागाची कड.

नखाच्या बुडाशी कातडीची एक बारीक किनार असते. ती नखाला चिकटलेली असते. ती उगीच नाही. दाराच्या फटीत चिंधी कोंबावी, तशी ती फट बंद करते. पाणी, माती आणि रोगाचे जंतू आत जाऊ देत नाही. पुष्कळजणी ती किनार खरवडतात, दातांनी ओढतात. तसे करू नये. फट उघडी झाली की नखुरड्याला वाट मिळते.

आणि नख एकजीव नसते. घडीच्या पोळीला जसे पदर असतात, तसे नखाला अगदी पातळ थर असतात. ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते सुटू लागले की आपण म्हणतो, नखाचे पापुद्रे निघतात.

मेंदीची खूण

नख वाढते किती? हे कळायला पुस्तक नको. मेंदी पुरे.

नागपंचमीला आपल्याकडे मुली आणि बाया हाताला मेंदी लावतात. तळहातावरचा रंग दोन-तीन आठवड्यांत जातो. नखावरचा मात्र जात नाही. तो नखाबरोबर पुढे सरकतो. बुडाशी नवे, कोरे नख येते. गणपतीत थोडेसे कोरे दिसते. दसऱ्याला निम्मे कोरे दिसते. दिवाळीला मेंदीचा रंग शेंड्याकडे जाऊन पोचलेला असतो.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत पुरे नवे नख यायला सुमारे ६ महिने लागतात. पायाचे नख याहून सावकाश वाढते. अंगठ्याचे नख पुरे बदलायला वर्ष, दीड वर्षही लागते.

हा हिशोब नीट ध्यानात ठेवा. आज उपाय सुरू केला तर उद्या नख चांगले दिसणार नाही. फाटलेले नख जुळत नाही. चांगले नख मुळापासून यावे लागते. पुष्कळजण आठ दिवस तेल लावतात, गुण आला नाही म्हणून सोडून देतात. आज पेरले तर उद्या खळे होत नाही. नखाचेही तसेच आहे.

पाणी, सोडा आणि राख

नख फाटायचे नेहमीचे कारण कोणते? पाणी. आपल्याला नवल वाटेल, पण नख पाणी पिते. पाणी प्यायलेले नख फुगते आणि मऊ होते. वाळले की आकसते.

बैलगाडीची फळी आठवा. ती पावसात भिजते, उन्हात वाळते, पुन्हा भिजते, पुन्हा वाळते. दोन-तीन वर्षांत तिला भेगा पडतात. नुसत्या भिजण्याने नव्हे, नुसत्या वाळण्याने नव्हे, भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांनी. नखाचे तेच होते. सकाळी भांडी, मग धुणे, मग भाजी धुणे, मग शेण, पुन्हा भांडी. दिवसातून वीस वेळा हात ओला, वीस वेळा कोरडा. थर सुटू लागतात.

त्यात धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर. भांड्यावरची तेलकटी ती काढते. ती नखाची आणि कातडीचीही तेलकटी काढते. तेल गेलेले नख ठिसूळ होते. पूर्वी राखेने भांडी घासत. राखेच्या पाण्यातही खार असतो. तोही हात खातो. ओल्या सिमेंटचा खार तर फारच कडक. गवंड्याच्या आणि मजुराच्या हाताला भेगा पडतात त्या त्यामुळे.

तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला पाऊस मोठा. तिथे भातलावणीच्या दिवसांत दिवस दिवस हात-पाय चिखलात असतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. नखांच्या कडाही मऊ पडून पांढऱ्या होतात. अशा मऊ कडेतून जंतू लवकर शिरतात.

नख पातळ होण्याला वयही कारण असते. म्हातारपणी नख कोरडे आणि ठिसूळ होते, त्यावर उभ्या रेघा दिसतात. त्या रेघांना भिण्याचे कारण नाही. बायकांची नखे पुरुषांपेक्षा जास्त फाटतात. पाण्यातली कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे पाहिले म्हणजे त्याचे एक कारण समजते.

ओळखायची एक सोपी युक्ती

नखाचे दुखणे बाहेरून आले की आतून, हे घरच्या घरी थोडेफार ओळखता येते.

हाताची नखे बघा. मग पायाची बघा. हाताची नखे फाटकी, पण पायाची धड असतील, तर दोष बहुधा पाण्याचा आणि सोड्याचा. पाय काही भांडी घासत नाहीत. हाताची आणि पायाची, दोन्हीकडची नखे पातळ किंवा वेडीवाकडी होत असतील, तर कारण अंगात असू शकते. मग दवाखाना गाठावा.

हाताला जपायचे कसे?

पाण्याचे काम टाळता येत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्याच्या फेऱ्या कमी करता येतात.

भांडी घरात थोडी थोडी दहादा घासण्यापेक्षा जमतील तेवढी एकदम घासा. धुण्यात हात बुडवून बसू नका. कपडे पावडरीत भिजत घाला, हात भिजत घालू नका. रबरी हातमोजे मिळत असतील तर घाला. आत जुन्या सुती कापडाचे मोजे असले तर उत्तम. कारण रबराच्या आत घाम येतो, आणि घामही पाणीच. काम झाले की मोजे काढा, उलटे करून वाळवा. गवंडी कामात आणि पिकावर औषध मारताना तर मोजे पाहिजेतच.

काम झाल्यावर हात स्वच्छ पाण्याने धुवा. नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. मग लगेच दोन थेंब तेल घ्या आणि नखांवर, नखांच्या बुडाशी चोळा. खोबरेल असो, शेंगदाण्याचे असो, करडईचे असो. महागडे तेल नको. व्हॅसलिनही चालते. तेल नखाला पोसत नाही, कारण दिसणारे नख जिवंत नाही. मग तेल काय करते? ते नखातला ओलावा धरून ठेवते. चामड्याची वादी तेल दिल्यावर तुटत नाही, तसे हे.

रात्री निजताना पुन्हा एकदा तेल लावा. देवापुढची वात लावताना बोटाला तेल लागतेच. तेच दहा नखांवर फिरवा. वेगळा वेळ नको.

आणखी एक. नख हे हत्यार नव्हे. डब्याचे झाकण, बटाट्यावरची माती, पातेल्याचा करपा, पोत्याची गाठ, हे सगळे आपण नखाने करतो. त्याला चमचा घ्या, काडी घ्या, काथ्या घ्या.

नखे कापायची कशी?

पातळ नख आखूडच ठेवावे. लांब नख जास्त अडकते आणि जास्त फाटते. आखूड नखात मातीही कमी राहते. नखातल्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात, हे लक्षात ठेवा.

पूर्वी गावात न्हावी नराणीने नखे काढी. आता घरोघर नेलकटर आहे. एकच नेलकटर साऱ्या घराने वापरू नये. वापरावाच लागला तर साबणाने धुवावा, उकळत्या पाण्यात ठेवावा, मग दुसऱ्याला द्यावा. एकाच्या नखाचा नायटा दुसऱ्याला लागू शकतो. ब्लेडने नखे काढू नयेत. ब्लेड केव्हा सटकेल याचा नेम नाही.

अंघोळीनंतर नख मऊ असते. तेव्हा कापले तर तडकत नाही. कापल्यावर कड खरबरीत राहिली तर नखे घासायच्या पट्टीने घासा, पण नख वाळल्यावर. घासायचे ते एकाच दिशेने. करवतीसारखे पुढे-मागे घासले की पदर सुटतात.

पायाची नखे सरळ कापा. कोपऱ्यात खोल शिरू नका. कोपरा खोल कापला तर नख मांसात वाढते. साखरेचा विकार असलेल्यांनी पायाची नखे फार सांभाळून कापावी. त्यांच्या पायाला कधी कधी दुखणे कळत नाही आणि जखम चिघळते.

तिन्हीसांजेला नखे कापू नयेत असे जुनी माणसे सांगत. कंदिलाच्या उजेडात कापले तर बोट कापायचे, आणि कापलेले नख घरात सांडून पायाला टोचायचे. आता विजेचा दिवा आहे. पण उजेडात कापावे, हे त्यातले शहाणपण आजही घ्यावे.

नखांना रंग लावायचा असेल तर जरूर लावा. हौसेला मोल नाही. पण रंग पुसायचे औषध नख फार कोरडे करते. ते वरचेवर वापरू नका आणि वापरल्यावर तेल लावा.

नखात दिसते रक्ताची गोष्ट

आता आतल्या कारणांकडे येऊ.

कधी कधी नख पातळ होते, सपाट होते, आणि मग मधे दबते. कडा वर येतात. चमच्यासारखा खोलगट आकार होतो. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही, तिथेच राहतो. अशा नखाचे एक मोठे कारण म्हणजे अंगात लोह कमी असणे. लहान बाळाच्या पायाची नखे अशी असतात, पण ती बहुधा वयाबरोबर सरळ होतात. मोठ्या माणसाची तशी झाली तर मात्र विचार करावा.

लोह म्हणजे लोखंडच. पण अंगातले लोह अगदी थोडे असते आणि ते रक्ताला लाल करते. रक्तातला हा लाल भाग म्हणजे हिमोग्लोबिन. तो छातीतली हवा साऱ्या अंगाला पोचवतो. तो कमी झाला की चढ चढताना धाप लागते, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कामात मन लागत नाही. कोणाकोणाला माती किंवा खडू खावासा वाटतो. नखही नीट तयार होत नाही.

हे दुखणे एखाद-दुसऱ्या घरातले नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी झाली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० बायकांमागे सुमारे ५४ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे चार जणी ओट्यावर बसल्या तर त्यांतल्या दोघींचे रक्त कमी असायचे.

मंचरच्या त्या मावशींची हाताची नखे फाटकी होतीच. पण बोलता बोलता त्यांनी पाय पुढे केला. पायाचीही नखे पातळ, अंगठ्याचे नख खोलगट. आम्ही विचारले, "मावशी, चढ चढताना दम लागतो का?"

त्या म्हणाल्या, "लागतो की. पण वय झालं ना आता."

त्यांचे वय होते चाळीस! दर महिन्याला अंगावरून फार जात असे. पण ही गोष्ट सांगायची कोणाला, म्हणून त्या गप्प होत्या. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८ निघाले. बाईचे ते निदान १२ असावे लागते, गरोदर बाईचे ११ आणि पुरुषाचे १३. वय झाले नव्हते. रक्त गेले होते.

बायांनो, यातून एक गोष्ट शिकायची. दमणे म्हणजे म्हातारपण नव्हे. आणि अंगावरून फार जाते हे डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. नुसत्या गोळ्या खाल्ल्या आणि रक्त जायचे थांबले नाही, तर फुटक्या माठात पाणी भरल्यासारखे होते. पुरुषाचे रक्त कमी असेल तर त्यालाही दडवू नये. मूळव्याध, पोटातला व्रण, आकड्यासारखे जंत, यांनीही रक्त जाते. आकड्याचे जंत मातीतून अनवाणी पायात शिरतात. म्हणून शेतात आणि परसाकडे जाताना पायात वहाण असावी.

काय खावे?

नखासाठी वेगळे अन्न नाही. जे अंगाला लागते तेच नखाला लागते. नख केराटिनचे, आणि केराटिन हे प्रथिन. म्हणून डाळ, कडधान्य, दूध, अंडी, मासे यांतले जे परवडेल ते रोज पोटात जावे.

लोहासाठी आपल्या भागात चांगल्या वस्तू आहेत. बाजरीची भाकरी आहे. मटकी आणि हुलगे आहेत. हरभरा आहे. मेथी, राजगिरा, चवळईच्या पालेभाज्या आहेत. अळीव आहेत. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते उगीच नाही. मटण खाणाऱ्यांनी कलेजी खावी. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह त्यातूनही मिळते.

पण एक मेख आहे. भाजीतले आणि धान्यातले लोह अंगाला सहज लागत नाही. त्याला आंबटाची मदत लागते. जेवताना लिंबू पिळा. आवळा खा, पेरू खा. आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नका. चहा लोहाला अडवतो. जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्या. कडधान्याला मोड आणले तर लोह जास्त लागते. मोडाची मटकी ही आपल्या आईची, आजीची विद्या. ती सोडू नये.

रक्त फार कमी असेल तर नुसत्या खाण्याने भरत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. गोळीने शौचाचा रंग काळा होतो. घाबरू नका, ते लोहच असते. मळमळ झाली तर गोळी जेवणानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोळी मुलांना खाऊ वाटते. मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते.

शेगावची हकीकत

नखांकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगणारी एक हकीकत आपल्या महाराष्ट्रातच घडली.

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुका आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. हात फिरवला तर केसांचा पुंजका हातात येई. बाया, पुरुष, मुले, कोणी सुटले नाही. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. लोक घाबरले. काही ठिकाणी त्यांच्याशी सोयरीक करायला, त्यांना जवळ बसवायला लोक कचरू लागले. तपासनीस आले, नमुने घेऊन गेले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात दुसरी तक्रार निघाली. लोकांची नखे विद्रूप होऊ लागली, काहींची गळून पडू लागली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या कामामुळे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी या गावांत जाऊन शोध घेतला. लोकांच्या अंगात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार जास्त आढळले, आणि हेच केस गळण्याचे कारण आहे, असे त्यांनी सांगितले.

सेलेनियम अंगाला लागते, पण कणभर. जास्त झाले तर ते विष होते, आणि त्याचा पहिला मार केसांवर आणि नखांवर बसतो. केस आधी गळाले आणि नखांची तक्रार काही महिन्यांनी आली, याचे कोडे वाटायला नको. आपण मेंदीचा हिशोब पाहिला आहे. आज मुळाला धक्का बसला तर त्याची खूण नखावर वर यायला वेळ लागतो.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एकाच गावात एकाच वेळी पुष्कळांना सारखेच दुखणे झाले, तर ते नशिबाचे नव्हे, अन्नाचे, पाण्याचे किंवा साथीचे असते. लगेच आरोग्य केंद्राला कळवावे. आणि दुसरी, नखासाठी चांगले म्हणून कोणी द्रव्याच्या गोळ्या विकत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. थोडे औषध, फार ते विष.

खरे काय, खोटे काय?

नखावर पांढरे ठिपके आले म्हणजे कॅल्शियम कमी झाले, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. बहुधा नखाच्या बुडाला लागलेल्या बारीक माराच्या त्या खुणा असतात. नखाबरोबर त्या पुढे जातात आणि कापल्या जातात.

नखासाठी बायोटिनच्या गोळ्यांची हल्ली फार जाहिरात होते. बायोटिन हे एक जीवनसत्त्व आहे. साधे जेवण पोटभर मिळणाऱ्याला ते बहुधा कमी पडत नाही. त्याने नख सुधारते याचा पुरावाही थोडाच आहे. शिवाय जास्त बायोटिन घेतले तर रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी तसे सांगा.

नख पिवळे, जाड आणि भुसभुशीत झाले तर लोक ते वयाचे समजतात. पुष्कळ वेळा तो नखाचा नायटा असतो. डॉक्टर नखाचा कपटा तपासून खात्री करतात. औषधाने तो बरा होऊ शकतो, पण महिनोमहिने औषध घ्यावे लागते. का, ते आता तुम्हीच सांगाल. नवे नख मुळापासून यावे लागते!

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढच्यापैकी काही दिसले तर वाट पाहू नका.

१. हाताची आणि पायाची नखे पातळ किंवा खोलगट झाली.
२. नखाची कड सुजली, ठणकू लागली, पू दिसू लागला.
३. नख जाड, पिवळे झाले किंवा मांसापासून सुटू लागले.
४. मार लागलेला नसताना एकाच नखात काळी उभी रेघ आली आणि ती रुंद होऊ लागली. हे क्वचित घडते, पण ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.
५. नखाबरोबर केसही गळतात, थंडी सोसत नाही, वजन वाढते. गळ्यातल्या थायरॉइड गाठीचे काम मंदावले की असे होते.
६. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी गोल झाली. छातीचे किंवा हृदयाचे दुखणे असू शकते.

मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रातही रक्त तपासता येते. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

वहीत लिहा

त्या मावशींनी औषध घेतले, अंगावरून जाण्यावर इलाज केला. जेवणाबरोबरचा चहा सोडला. तो सोडणे त्यांना गोळ्यांपेक्षा जड गेले, असे त्या सांगतात. महिन्या-दीड महिन्यात धाप कमी झाली. नख मात्र तसेच होते. मग बुडाशी नवे नख दिसू लागले, सपाट आणि जरा जाड. नव्या-जुन्याच्या मधे एक बारीक धांदोटी होती. ती महिन्यामहिन्याने वर सरकत गेली. सहा महिन्यांनी त्यांनी तो शेवटचा पातळ तुकडा कापून टाकला.

त्या लिहायला शिकत होत्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या वहीत लिहीत. किती गोळ्या घेतल्या, पुन्हा रक्त तपासले तर आकडा किती आला, नख किती वर आले. वहीत ८ चा आकडा होता. त्याखाली ९ आला, मग १०, आणि शेवटी १२. बारा लिहून झाल्यावर त्यांनी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

तुम्हीही आज रात्री दिव्याखाली बसून हात-पायांची वीस नखे नीट बघा. घरातल्या बाकीच्यांचीही बघा, विशेषतः सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारीची. काय दिसले ते तारीख घालून वहीत लिहा. महिन्याने पुन्हा बघा.

आपल्यात म्हण आहे, नखाने होते तिथे कुऱ्हाड कशाला? दुखणे नखाएवढे असते तेव्हाच ओळखले, तर लिंबू, तेल आणि लाल गोळी एवढ्यावर काम भागते. कुऱ्हाडीची पाळी येत नाही.